होडीवाल्याचं आमंत्रण

...आणि पंखा! तुम्हाला सांगतो, त्या पंख्याचं तर विचारूच नका. आमचा पॉलिशवाला मितवल्ली म्हणतो, "मुकादम, वाऱ्यानं भुसा उडतो, ओल्या पॉलिशवर बसतो." पंखा फिरवला, तर पटाशी खाली ठेवून बय्यूमी हजर, "मुकादम, घामानं डोळे झोंबतात, गुलाब कोरतोय की कोबी, कळत नाही." मधे ठेवला, तर दोघं जोडीनं आले, आता कुणालाच वारं लागत नाही म्हणून! चहात साखर कमी, सरसाला वास, मांजरं फार, मांजरं हाकलली तर उंदीर फार... आता काय मी उंदरांशी बोलणी करू? मी तक्रार करत नाहीये हं, नुसतं सांगतोय.

अहो, खुर्च्या करतो आम्ही, इथे इजिप्तात, दमिएत्ताला. सोनेरी पायांच्या, मुलीच्या लग्नात देतात त्या. पाहुण्यांसाठी राखून ठेवायच्या, घरातलं कुणी बसत नाही त्यांवर. मीही कोरणाराच. बय्यूमी आणि मी एकाच बाकावर पटाशी मारत म्हातारे झालो. तेव्हाचा मुकादम काचेच्या खोलीत, आणि आम्ही बाहेर त्याची नक्कल करायचो. माझी नक्कल म्हणजे... माणसांच्या घशात घास अडकायचा! मग मालकांनी बोलावलं, "आजपासून तू मुकादम." मी खूश. खोलीत गेलो, दार लावलं, आणि हसणं बाहेरच राहिलं.

तेव्हापासून दारात रांग. पण कशाला? तक्रारीला. "गुडघा कसा आहे हो?" म्हणून एक माणूस आला असेल तर शपथ! बायको गेल्यापासून घरी तर तक्रार करायलाही कुणी नाही. एकटं वाटतं हो. मी तक्रार करत नाहीये, नुसतं सांगतोय.

तर परवा न्याहारीला सगळे कागद अंथरून बसलेले, मधे फावाच्या दाण्यांची उसळ, कांदा, सलगमाचं लोणचं, एका परातीत सगळ्यांचे हात. मी आपला बाजूनं चाललो होतो. बय्यूमी म्हणाला, "या मुकादम, घास घ्या." आता हे म्हणावंच लागतं. होडीवाल्याचं आमंत्रण म्हणतात आमच्याकडे. होडी नाईलच्या मधोमध, नावाडी जेवतोय, काठावर कुणी दिसला की ओरडतो, "या हो जेवायला!" काठावरच्यानं म्हणायचं, "चालू द्या, देव बरकत देवो." तो काय पोहत येणारे?

मी पोहत गेलो.

बसलो की हो मांडी घालून, भाकरी मोडून! मितवल्ली कमरेवर हात ठेवून लंगडत चालून दाखवत होता, तो तिथंच थिजला. माझीच चाल ती! बरी जमली होती, पण लंगडा गुडघा चुकला होता, डाव्याऐवजी उजवा. सांगणार होतो... जाऊ दे. मी विचारलं, "उसळ कशी झालीय?" सगळे म्हणाले, "छान." छान! जन्मात कशाला छान न म्हणणारी माणसं ही!

दुपारी बय्यूमी आत आला, दार लावलं. म्हणाला, "तक्रार आहे."

"बोल. पंखा?"

"राग मानू नकोस," म्हणाला. बघा, किती दिवसांनी 'तू' म्हणाला! "पण तू येऊन बसलास की आम्ही बोलायचं काय? न्याहारीला आम्ही तुझ्याबद्दलच बोलतो. दुसरा विषयच नाही आमच्याकडे."

आजवरच्या सगळ्या तक्रारींत ही एकच खरी निघाली. तिथल्या तिथे निकाल लावून टाकला.

आता न्याहारीला मी आत. बाहेरून बय्यूमी रोज हाक मारतो, "या मुकादम, घास घ्या!" मी दारातून म्हणतो, "चालू द्या, चालू द्या." मग दार लावतो. ते हसतात. काचेतून दिसतं, ऐकू काही येत नाही. मितवल्लीचा गुडघा अजून चुकतोच आहे.

काच फार जाड आहे हो. पण सांगायचं कुणाला? तक्रार असली तर मुकादमाच्या खोलीत जायचं, असा इथला नियम. गेलोही असतो... पण त्या माणसाजवळ बसणार कोण?