ग्रीक रेकॉर्ड आणि तूरडाळ

"ती काही बोलत नाही, म्हणजे तिलाही आवडतंय," माझा नवरा मंदार व्हिडिओ कॉलवर मित्राला सांगत होता. मी दाराआड होते. लग्नाला चार महिने झालेले, त्यातले तीन ट्रुगानिना या परदेशातल्या उपनगरात, लॉकडाऊनमध्ये. रोज दुपारी हे दोघं सत्तरच्या दशकातली, कुणालाच माहीत नसलेली ग्रीक प्रोग्रेसिव्ह रॉकची रेकॉर्ड ऐकायचे, आणि ती संपेपर्यंत स्वयंपाकघरात आवाज करायचा नाही असा नियम. माझी शिफ्ट दोनला, त्यामुळे रोज ब्रेड खाऊन लॉगिन. त्या दिवशी मी सरळ कुकर लावला.

शिट्टी झाली. मित्र भारावून म्हणाला, "मंदार, माझ्या कॉपीत हा सिंथेसायझरचा सूर नाहीये रे."

"माझी ओरिजिनल प्रेसिंग आहे, पहिल्या खेपेची," मंदार डोळे न उघडता म्हणाला.

मी म्हणाले, "भाऊजी, ती तूरडाळ आहे. अजून दोन शिट्ट्या व्हायच्यात."