सोळावीचं चित्रांचं पुस्तक

न्हाई म्याडम, आदी च्या होऊ द्या, मंग बोला. शहरातून यष्टीनं आलात, फाट्यावरून पायी आलात, तकलीफ झालीच आसंल. पन तेवढ्यानं माजं उत्तर बदलनार न्हाई, हे आदीच सांगून ठेवतो. सीमा परत येनार न्हाई विद्यापीठात. दिवाळीच्या सुट्टीला आली ती आता हितंच. तिचा बाप मी, मी ठरवलंय — आन या संपतरावानं ठरवलेलं फिरत न्हाई, इचारा गावात कुनालाबी. बसा की बाजंवर. धूळ हाय, पन मेंढरावाल्याच्या दारात धूळ नसंल तर काय गालिचा आसंल? च्या ठिवलाय चुलीवर, सीमा करून राहिली. तिची माय बनाबाई बी आतच हाय. दोघी कान लावून आईकत्यात, मला म्हाईत हाय. आईकू द्या.

काहून म्हनता? हे तुमी इचारता? तुमीच तर शिकवता ते — ती चित्राची पुस्तकं. सीमा म्हनली, आमच्या म्याडमचा इषय हाय तो, लेकरांची पुस्तकं. मी म्हनलं, लेकरांची म्हंजी, लेकरं झाल्यावर शिकवायची? तर म्हनली, न्हाई बा, लेकरांसाठी लिवलेली पुस्तकं आमाला शिकवत्यात, त्याच्यावर पेपर अस्तोय. आता काय बोलावं मानसानं. बारावी झाली, वसमतला राहून पंधरावी झाली, मंग म्हनली सोळावी करते, मोठ्या विद्यापीठात. मी सोडायला गेलो व्हतो, म्याडम. केवढी कमान, केवढा दरवाजा, दरवाजात शिपाई — त्यानं मला इचारलं, बाबा, कुनाकडं? मी म्हनलं, कुनाकडं न्हाई, पोरीला शिकायला घातलीय, सोळावीला. त्यो उठून उभा राहिला. आन आत काय चाललं व्हतं? आत शेळी, ससा आन फुगा चाललं व्हतं.

वस्तीत आमच्या पोरगा बी दहावीच्या पुढं गेला न्हाई. मी शिरडच्या बाजारात सांगत फिरलो, माजी पोरगी हाताएवढी जाड पुस्तकं वाचती. आन दिवाळीला ही आली, पिशवीतून काय काढलं, तर पापडाएवढी पातळ पुस्तकं. त्यातल्या एकात तर अक्षरच न्हाई. नुसती चित्रं, पयल्या पानापास्नं शेवटापर्यंत. ओट्यावर ठिवलं तिनं ते, आन नेमका जळबा आला तंबाखू मागायला. आमचा शेजारी जळबा, ते बघा, त्या पत्र्याच्या घरातला. त्यानं उचललं, चाळलं, आन हसला. म्हनला, संपतराव, आमचं नातू अंगनवाडीत जातंय, त्याच्यापाशी बी हेच हाय, पन त्यानं फाडलंय. म्हनला, सोळाव्या वर्गात गेली का सोळाव्यांदा पयलीत बसली? मला, म्याडम, या वस्तीत कुनी आजवर हसलं न्हाई. कुनाची टाप न्हाई. आन त्यो जळबा, जो स्वताच्या मेंढरामागं न्हाई धड चालत, त्यो हसला. काय द्यावं उत्तर? तुमी द्या.

न्हाई न्हाई, ते मोठं मोठं बोलू नका. चित्र बी एक भाषा अस्ते, हे सीमानं बी म्हनून दाखवलं. तुमीच पढवलेलं दिसतंय. भाषा अस्ती तर इतकी वर्षं अक्षरं कशाला गिरवून घेतली लेकराकडून, हाताला वळ उठंपर्यंत? आन परीक्षेत काय इचारता वो तुमी — शेळीचा रंग कोनता? फुगा कुनी फोडला? ह्याला निकाल लावता, ह्याचा पगार घेता, आन झोप लागती तुमाला? वंगाळ वाटतं मला, खरं सांगतो. तुमी घरी आलेलं मानूस, वाईट बोलू न्हाई, पन वंगाळ वाटतं.

मी त्या पुस्तकाला हात बी लावला न्हाई. गरज काय? थू म्हनलं आन बाजूला झालो. आन तसलं पुस्तक — कशाचं काय त्यात, कुनीबी काडंल — एक पोरगी हाय, दोन येन्या, लाल फिती, आन पानोपानी तिची पाठच दिसती. चालती तर पाठ, पानी पिती तर पाठ, चिंचंखाली बसली तर पाठच. चित्रकारानं तोंड काडायचा कंटाळा केला काय? आमी मेंढरू तोंडावरून वळखतो, म्याडम. समदी सारखीच दिसत्यात लोकांला, आमाला एकेकीचं तोंड येगळं दिसतं. तोंडच न्हाई दिसलं तर ती कुनाची, कुठली, कसं समजावं मानसानं — आं? मला कसं ठाव? बनाबाईनं सांगितलं. ती बघत व्हती.

हसू नका. बरं, बघितलं मी. घरात आलेली चीज घरधन्यानं बघू न्हाई काय? सीमा गेली व्हती हिरीवर, पुस्तक ओट्यावर पालथं पडलं व्हतं, घेतलं हातात. आन मी काय बिनशिकलेला न्हाई. समदे समजत्यात, पन न्हाई. निजामाच्या राज्यात उर्दूत दुसरी पास हाय मी. मौलवी मास्तर व्हते, हातात निगडीची फोक, आन अलिफ-बे मला आजबी बराबर येतं, म्हनून दाखवू? मंग पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, शाळा मराठी झाली, आन त्याच साली बापानं मला मेंढरामागं लावलं. मराठी अक्षराची आन माजी गाठच पडली न्हाई. शिकलेलो हाय, पन जे शिकलो ते राज्यच राहिलं न्हाई, तर माजा काय दोष? तवा म्हनलं, अक्षर न्हाई ना ह्या पुस्तकात? मंग हे मला बी येतंय. मला मराठी अक्षर न्हाई, ह्याला बी अक्षर न्हाई, आमी दोघं बराबरीचे. बघतोच म्हनलं.

मी वाचलं ते असं. शहर हाय. उंच बिल्डिंग, वरच्या खिडकीत पोरगी उभी, पाठमोरी. मंग पान उलटलं, ती यष्टीत बसलीय, पाठमोरी. मंग पूल, खाली पानी, आपल्या शिद्धेश्वराच्या धरनासारखं भरलेलं. मंग चिंच. मंग हीर. मंग गावाची वाट. आन मी जवा जवा पान उलटायचो तवा वाटायचं, आता तरी तोंड दाव की, कोन हायेस तू? दावायचीच न्हाई. आन शेवटच्या पानावर घर. दारात म्हातारा बसलाय फेटा बांधून, आन पोरगी त्याच्या म्होरं उभी, आन तिचं तोंड दिसतं, म्याडम. पयल्यांदाच. हसती. बराबर त्याच्याकडं बघून हसती. शेंबडं लेकरू रडलं तर आपुन समजू, पन माज्यासारख्या दगडाला — ऱ्हाऊ द्या. मी पुस्तक मिटलं. म्हनलं, चांगलं हाय. बिनअक्षराचं हाय पन कुनीतरी शान्या मानसानं काडलंय. लई शिकली, लई लांब गेली, पन घरी आल्याबिगर तोंड उजळलं न्हाई. ह्येच शिकवत अस्तील तर शिकवू द्या म्हनलं, जळबा गेला उडत.

आन मी हे बनाबाईला सांगितलं. भाकरी खाताना. उलगडून सांगितलं, एकेक पान. सीमा वाढत व्हती, ती आईकत राहिली, आन मंग हसाय लागली. वाईट न्हाई हसली, पन हसली. म्हनली, बा, तुमी उलटीकडून वाचलं.

उर्दूचं पुस्तक उजवीकडून उघडतं, म्याडम. तुमचं जिथं संपतं तिथं आमचं सुरू व्हतं. मी आपला मौलवी मास्तरानं शिकवलं तसं धरलं, तसं उलटलं. हात तसाच जातो माजा, आता काय करू. मंग सीमानं माज्या मांडीवर ठिवलं ते पुस्तक, डावीकडून उघडलं आन दावलं. पयल्याच पानावर म्हातारा आन पोरगी. पोरगी हसती. तिथनं ती निघती. मंग वाट, हीर, चिंच, पूल, यष्टी — पाठ, पाठ, समदीकडं पाठ. आन शेवटाला ती खिडकीत, उंचावर, आन संपलं. म्हातारा परत कुठं न्हाईच. मी म्हनलं, ह्याच्या पुढचं पान काड. म्हनली, पुढं पान न्हाई बा. म्हनलं, निसटलं आसंल, बघ पिशवीत. म्हनली, न्हाई, एवढंच हाय, पुढचं आपुन आपल्या मनानं ठरवायचं, म्याडम म्हनत्यात.

हे शिकवता तुमी? शेवट आपल्या मनानं ठरवायचा? मंग मास्तर कशाला पायजे? मला एक सांगा, खरं सांगा, तुमी पुस्तकं वाचून म्हातारपन आनलेलं दिसतंय — ती पोरगी परत येती का न्हाई? काय? कोन कसं वाचतं त्याच्यावर? म्हंजी तुमाला बी ठाव न्हाई. पगार घेता आन ठाव न्हाई. मला मेंढरू कुठं गेलं ठाव नसंल तर मी भाकरी खात न्हाई, आन तुमी निवांत च्याची वाट बघून राहिला.

दुसऱ्या दिशी सीमा पिशवी भराय लागली, तवा मी म्हनलं, ठिव ती. जायचं न्हाई. पुरं झालं ते तसलं शिकनं — न्हाई, त्या पुस्तकामुळं न्हाई म्हनलो मी. तसं नका समजू. जळबा हसला म्हनून. जळबा तर — व्हय, जळबा चार दिवस आदी हसला व्हता. तुमी बराबर धरलं. पन राग मानसाला उशिरा बी येतो. येतो का न्हाई? मी काय चित्राला भिऊन पोरगी घरात ठिवीन? दोन लांडगे हाकललेत मी या हातानं.

सीमा, च्या कुठं हाय? किती येळ? म्याडम वाळून चालल्यात हितं — हे काय? डरेस कवा घातलास? आन पिशवी. कुनी सांगितलं? तू बोल बनाबाई, तू तर बोल, तुज्या हातात भाकरीचं फडकं हाय. बांधून बी झालं. म्हंजी तुमचं दोघींचं चुलीपाशीच ठरलं, आन मी हितं मघापासून एकटाच बोलून राहिलो.

काय बघती माज्याकडं? समदं आईकलंस ना? आईकलंस तर ठिव तुज्यापाशी, तिकडं वर्गात सांगत बसू नको. पाया पडायची काय गरज न्हाई. पड, पडायचं तर. बास.

म्याडम, मी व्हय म्हनलेलो न्हाई. ध्यानात ठिवा. न्हाई म्हनायला तोंड राहिलं न्हाई एवढंच. आन थुकन्यासारखंच शिकवता तुमी, ते माजं तसंच हाय, त्यात फरक न्हाई. फाट्यावर गाडी आपनहून थांबत न्हाई, रस्त्यात उतरून हात दावावा लागतो. मी येत न्हाई तिथवर. मला काम हाय. उठा आता — मेंढरं यायची येळ झाली, वाटंत उभं ऱ्हाऊ नका.