भाजणीची बदली होत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय श्रीकांतराव, मंडळाचे कार्यवाह अजेयजी, माझ्या शेजारी बसलेले सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे, गुरुदत्तराव, आणि गार्डन रीचपासून बालीगंजपर्यंतच्या माझ्या बंधुभगिनींनो,

अजेयजींनी मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. आभाराचे, असंही बजावलंय. तेव्हा आभार आधीच मानते, पुढे सुचतील याची खात्री नाही. ह्यांची सिकंदराबादला बदली झाली आणि आपण इतक्या प्रेमाने निरोप देताय. शाल सुंदर आहे. मी ऋणी आहे.

आता पत्रिकेबद्दल. तीत छापलंय, 'सौ. सरलाताई आपला भाजणीचा उपक्रम सौ. वैदेहीताईंच्या हाती सुपूर्द करतील.' समोर हार घातलेला पितळी डबा ठेवलाय. तो मी उचलून द्यायचा आणि आपण टाळ्या वाजवायच्या. छान बेत आहे. फक्त मला कोणी विचारलं? ही पत्रिका मोबाईलवर आली, तेव्हा मला कळलं की मी माझा धंदा देऊन टाकलाय.

रीत मला ठाऊक आहे. बदली झाली की पडद्यांचे रॉड, गीझर, तुळशीची कुंडी, कामाच्या मावशीसुद्धा मागून येणाऱ्या कुटुंबाला देऊन जायचं. मीही घेतलंय, दिलंय. पण माझी भाजणी त्या गीझरच्या रांगेत कुणी नेऊन बसवली? श्रीकांतराव मघाशी 'गोड छंद' म्हणाले. आपण वडीलधारे आहात, म्हणून एवढंच म्हणते, की छंदापायी कुणी भर उन्हाळ्यात कढईसमोर उभं राहून डाळी भाजत नाही.

वैदेही, तू आमच्या जागी नुकतीच आलीस, तुझा काही दोष नाही. तुला काही द्यायचंच तर माझे टक्केटोणपे देते, ते उपयोगी पडतील.

मी सुरुवात चकलीने केली. इथल्या दमट हवेत चकली डब्यात पोचेपर्यंत सादळायची. लोक तोंडावर 'वा' म्हणायचे आणि पुन्हा मागायचे नाहीत. चकली सोडली आणि कोरडी भाजणी धरली, तेव्हा कुठे माल टिकला. दुसरं, वानोळा. आपल्यातल्या प्रत्येकीला चव बघायला हवी असायची, आणि चव बघायला वाटीभर नाही, डबाभर लागायची. आज पहिल्या रांगेत बसून मान डोलावणाऱ्यांपैकी कितीजणींनी पाकीट विकत नेलंय? नावं घेत नाही, समारंभ आहे.

आणि तिसरी चूक तर आपल्याच लोकांना करता येते. माझी सगळी गिऱ्हाइकं मराठी, म्हणजे सगळी बदलीची. उन्हाळ्यात बदलीच्या ऑर्डरी निघाल्या की निम्मी गिऱ्हाइकं ट्रकमध्ये सामान भरून चालती व्हायची. दर वर्षी धंदा नव्याने मांडायचा. ही काय दुकानदारी झाली?

म्हणून मी बालीगंजच्या बाजारात शिबूदांच्या दुकानी गेले. त्यांना थालीपीठ करून खाऊ घातलं. आवडलं. पण पाकिटं काही ठेवून घेईनात. म्हणाले, "बौदी, आपनी थाकबेन तो?" वहिनी, तुम्ही राहणार ना, एवढंच विचारलं. गिऱ्हाइकाला सवय लावायची आणि तुम्ही निघून जायचं, हे आपल्याला जमणार नाही म्हणाले. मला राग आला, कारण माणूस खरं बोलत होता. मी हो म्हटलं.

त्या एका शब्दावर त्यांनी माल ठेवला. त्याच शब्दावर हावड्याच्या शिप्रादींनी शाळेतली स्वयंपाकाची नोकरी सोडून माझ्याबरोबर भागीदारी केली, स्वतःची पुढची खोली चक्कीला दिली. आता चहाबरोबर थालीपीठ खाणारी बंगाली घरं आमची गिऱ्हाइकं आहेत. आणि हा शब्द मी आज एका पितळी डब्यात घालून देऊन टाकू?

ह्यांच्याशी काल सकाळी बोलले. ह्यांनी पेपर खाली न ठेवता सांगितलं, "सिकंदराबादलाही डाळी मिळतात." मग म्हणाले, "आणि समारंभात काही बोलू नकोस." लग्न झाल्यापासून ह्यांच्या प्रत्येक बदलीत मी घर मांडलं आणि सोडलं, आणि एकदाही बोलले नाही. त्याचाच हा परिणाम असावा, की आपण सगळ्यांनी माझ्या वतीने उत्तर देऊन ठेवलंत.

तर रविवारी ट्रक येईल. त्यात ह्यांचं सामान जाईल. माझं जाणार नाही. शिप्रादींच्या वरची खोली मी भाड्याने घेतलीय. बंगल्यातून एका खोलीत जातेय, हे मला समजतं, कृपया नंतर बाजूला घेऊन समजावू नका. गुरुदत्तराव, रागावला असाल तर रागवा. मीही रागावलेय. सुट्टीत या, गाडी हावड्यालाच येते.

डब्यावरचा हार तेवढा काढा, अजेयजी. डबा मला उद्या सकाळी लागेल.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. भाजणीत काही कमीजास्त झालं असेल तर मात्र पोटात घालू नका, परत आणा, बदलून देईन. मी इथेच आहे.