खिळ्यावरचा दुसरा मगा

तुमच्याकडे पाण्याची मोटार कोण बंद करतं? पवनारला आमची आणि शेजारच्या सुशीलाबाईंची मोटार एकच, टाकीही एकच, त्यांच्या गच्चीवर.

माझी मुलगी पल्लवी घरूनच कॉम्प्युटरचे ड्रायव्हर दुरुस्त करते, म्हणजे यंत्राला चालू-बंद सांगणारे प्रोग्राम. एक ड्रायव्हर कॅमेरा दोनदा चालू करायचा आणि एकदाच बंद, म्हणून कॅमेरा चालूच राहायचा. तो घोळ काढता काढता तिने मोटारीलाही नियम लावला. ज्याला पाणी पाहिजे त्याने मोटारीच्या बटणाजवळच्या खिळ्याला मगा टांगायचा, काम झालं की काढायचा, आणि खिळा रिकामा झाला की मोटार बंद.

रविवारी टाकी वाहिली. सुशीलाबाईंनी वाळत घातलेल्या साबुदाण्याच्या चकल्यांची खीर झाली. खिळ्यावर एक मगा होताच.

"भाऊजी, हा कोनाचा?"

"माहाच," आमचे हे म्हणाले. "आंघोळीचा एक, म्हशीचा एक. दोन टांगले, काढला एकच."

"बाबा, हाच घोळ मी त्या कॅमेऱ्यातून काढून राह्यली ना," पल्लवी म्हणाली.

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सुशीलाबाईंच्या गच्चीवर सोऱ्या दाबत बसले होते.