बोट सुटायच्या आधीचं जेवण

—नाही हो बाई, तुम्ही कुठे लवकर आलात, उशीर बोटीला झालाय. कार्डावर सहा लिहिलेत ना? आत्ता सहाच वाजलेत. आख्ख्या बोटीत वेळेवर आलेल्या तुम्ही एकट्याच. बसा, या खुर्चीवर बसा, माझीच आहे — पण मला काही बसायला मिळत नाही, तेव्हा ती जवळजवळ नवीच आहे. जेवणाच्या हॉलमध्ये नाही सोडता येणार इतक्यात. आत बघा, सगळं मांडून तयार आहे, नॅपकिनच्या घड्या झाल्यात, पाणी भरलंय, आणि पाव? पाव दुपारी तीनला भाजलाय, चारला बोट सुटणार या हिशोबानं. आता तो तुम्हाला वाढला तर तुमच्या दातांची जबाबदारी कोण घेणार? मी? आम्ही सगळं वेळेवरच करतो हो — पण सकाळी धुकं पडलं, बोट बंदरात यायलाच दुपार झाली, मग आधीचे लोक उतरायचे, त्यांच्या बॅगा उतरायच्या, आणि तुम्ही मंडळी तर धक्क्यावर हजर! चढवलं तुम्हाला, पण खोल्या कुठे तयार आहेत? चादरी बदलायच्यात, संडास घासायचेत. म्हणून सगळ्यांना पाठवलं वर डेकवर. दीड हजार माणसं दोन तास डेकवर उभी आहेत. तुम्ही खाली आलात तेच शहाणपण केलंत.

वरचा जल्लोष बघितलात ना? बोट सुटताना वाजवायची धून बँडवाल्यांनी तीनदा वाजवून झाली. तीनदा! पोचवायला आलेले लोक हात हलवून हलवून दमले आणि घरी गेले, आता वरचे लोक हात हलवतायत ते क्रेनवाल्याला. फुगे जाळीत बांधून ठेवलेत, भोंगा वाजला की सोडायचे — तो वाजतोय कशाला. आणि बार बंद. का बंद? बंदरात असेपर्यंत उघडायचा नाही, नियम आहे. म्हणजे पाहुणे उपाशी, बार बंद, खोली नाही आणि नाचा म्हणे. मी असतो तर नाचलो नसतो.

—पहिल्या रात्रीचं जेवण बोट सुटल्यावरच वाढायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण बावीस वर्षांत एकदाही मोडलेलं नाही. त्यात गंमत आहे बाई. खिडकीतून किनारा मागे सरकायला लागतो, दिवे लांब जातात, आणि माणूस मऊ होतो, शेजारच्याला विचारतो, तुम्ही कुठले? आणि पहिल्या रात्री जो जिथे बसतो, तो आठवडाभर तिथेच बसतो. म्हणून कोणाला कुठे बसवायचं ते मी ठरवतो, मॅनेजर नाही. यादी बघायची, वय बघायचं, एकटा की दुकटा ते बघायचं, आणि अशी माणसं जमवायची की चौथ्या दिवशी ती एकमेकांच्या नातवंडांचे फोटो बघतील. तुमचं टेबल सदतीस. हो, मीच दिलंय. तुम्ही निवृत्त मुख्याध्यापिका, बरोबर? फॉर्मवर लिहिलंय. मुख्याध्यापिकेसमोर कोणी आवाज चढवत नाही, म्हणून दिलंय. नाही नाही, भांडखोर नाहीत हो टेबलावर, तसं काही नाही. एक बाई आहेत आणि एक गृहस्थ आहेत. चांगली माणसं. दोन्ही चांगली.

—एक मिनिट, फोन. हो साहेब. आत्ता? अहो पण बोट धक्क्याला आहे! हो, उपाशी आहेत, मान्य — पण दोन्ही पंगती एकदम? आणि टेबलांचं काय? जो येईल त्याने दिसेल तिथे... साहेब, ऐका तरी, निदान शिडी वर घेईपर्यंत — ठेवला. ठेवलान् फोन! ऐकलंत? लगेच वाढा म्हणे, धक्क्यावरच, आणि बसू द्या म्हणे कुठेही. आठ दिवस खपून केलेली यादी, घाला आता चुलीत!

—शिडीचं काय म्हणजे? उतरायची शिडी अजून लावलेली आहे, त्या खिडकीतून बघा. कोणालाही वाटलं तर माणूस सरळ बॅग उचलून उतरून जाऊ शकतो. कोण जाईल? अहो, ताई जाईल! माझी ताई. तिनं दादाला बघितलं की ती पाणीसुद्धा प्यायला थांबायची नाही. सांगतो, बसा. सदतीसवर तुमच्याबरोबर ज्या बाई आहेत ना, ती माझी बहीण, आणि गृहस्थ म्हणजे माझा थोरला भाऊ. नऊ वर्षं दोघं बोलत नाहीत. आम्हाला घरच्यांना बोटीवर आणायची सवलत असते. मी ताईला सांगितलं, तू एकटीच ये. दादाला सांगितलं, तू एकटाच ये. एकाची खोली पुढे, दुसऱ्याची मागे, मजले वेगळे. दोघांची गाठ पडायची ती जेवणाच्या टेबलावर, बोट समुद्रात गेल्यावर, जिथून उठून कोणाला कुठे जाता येत नाही. आणि वाढायला मी. सगळं जमवलं होतं हो! एका धुक्यानं—

—भांडण? भांडण आईवरून. आईचं हृदय बिघडलं, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, पण वय अठ्ठ्याहत्तर, भरवसा नाही. दादा म्हणाला करूया. ताई म्हणाली नको, घरी नेऊया, माझ्याकडे राहील. मी बोटीवर. ताईचा फोन आला, रडत होती, म्हणाली, तू धाकटा, तुझ्यावर आईचा जीव, तू सांगशील तसं. मी म्हटलं, ताई, तुझंच बरोबर. दुसऱ्या दिवशी दादाचा फोन. तोही रडत होता — दादा रडलेला मी कधी ऐकला नव्हता. त्यालाही म्हटलं, दादा, तुझंच बरोबर. अहो, सवय! बावीस वर्षं हेच करतोय, सूप खारट म्हणणाऱ्यालाही बरोबर आहे तुमचं आणि अळणी म्हणणाऱ्यालाही बरोबर आहे तुमचं. दादानं ऑपरेशन करवलं. आई टेबलावरच गेली. मग ताई दादाला म्हणाली, धाकट्यानं नको सांगितलं असताना केलंस. दादा म्हणाला, धाकट्यानं हो म्हटलं म्हणूनच केलं. ती म्हणाली, खोटारडा. तो म्हणाला, खोटारडी, आई गेली तरी खोटं बोलतेस. झालं. तेव्हापासून दार बंद.

—हो, विचारलं ना मला. दोघांनीही विचारलं. मी काय सांगितलं? ताईला म्हटलं, जाऊ दे, तुझंच बरोबर. आणि दादाला... तुम्हाला कळलंच. अशा नजरेनं बघू नका बाई, मी तुमच्या वर्गात नाही. मला त्यांचं जुळवायचंच होतं! जुळवायचं होतं, फक्त ते एक बाहेर येऊ द्यायचं नव्हतं. म्हणून तर वाढायला मी. विषय आईकडे वळला की सूप आणायचं, तिथून फोनकडे वळला की पाव, लोणी, अजून काही हवं का, गरम करून आणू का. वाढपी माणसाला कोणतंही बोलणं मधेच तोडता येतं, कोणाला राग येत नाही. आठवडाभर तोडलं असतं. मग त्यांनाही सवय झाली असती.

—आले लोक. या, या, कुठेही बसा, आज सगळी टेबलं तुमचीच. गर्दी बघा कशी, मेंढरं परवडली. हो काका, अजून धक्क्यालाच आहोत. नाही मावशी, फुगे नंतर. ताई दिसतेय का तुम्हाला? निळं स्वेटर, बुटकी. खोलीत असेल, बँडनं डोकं दुखतं तिचं — नाही, खोल्या कुठे होत्या. सगळेच डेकवर होते. दोन तास. दादाही डेकवरच असणार. एकाच डेकवर, दोघं, मी नसताना—

—ती बघा. हो, निळं स्वेटर तेच. आणि तिच्या हातात पिशवी आहे ती दादाची. दादा मागेच आहे, तिच्या खांद्यावर हात ठेवून. रडलीय ती. उतरली नाही... उतरली नाही हो, बाई! बोलतायत! नऊ वर्षांनी! मी म्हटलं नव्हतं, चांगली माणसं आहेत, दोन्ही...

—माझ्याकडे बघतायत.

—ये ताई. ये दादा. दमलात ना, दोन तास उभं राहून. सूप आणतो, गरम आहे, आधी बसा तर — हो. हो दादा. तुलाही म्हटलं होतं. आणि तिलाही. त्याच शब्दांत. नाही ताई, तो खोटं बोलत नव्हता. तूही नव्हतीस. तुमच्यात खोटं कोणीच बोलत नव्हतं.

—बाई, तुम्ही आत जा. जागा मिळेल तिथे बसा. आमचं जरा घरचं आहे.