लेडीज कार्डावरून मी खोडलेली ओळ

सन्माननीय अध्यक्ष डॉ. उदयसिंह सर, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मान्यवर, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेले माझे सहकारी, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

मघापासून तिघांनी सांगितलं की उत्कर्षा मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही. मी एकतीस वर्षं या रुग्णालयाच्या लॅबमध्ये रक्त तपासलं, तेव्हा नजर हवीच. पण अंगावर शाल पडली की माणसाला सगळंच कौतुक खरं वाटायला लागतं, म्हणून वेळेवर सांगून टाकते. एक गोष्ट सुटली.

आपलं तपासणीचं छापील कार्ड तुम्हाला ठाऊक आहे. जेंट्स वेगळं, लेडीज वेगळं. जेंट्समध्ये युरिक ॲसिड आहे, लेडीजमध्ये नाही. हे कुणी ठरवलं? मी. ते वाढून सांधे सुजतात तो गाउट बायकांना कुठला आलाय, तो मटण आणि बाटलीवाल्या पुरुषांचा रोग, असं म्हणून ती ओळ मीच खोडली. सरांनी विश्वासाने सही केली.

आपल्या सफाईच्या गोजरबाई आठवतात? चार वर्षांपूर्वी त्यांच्या पायाचा अंगठा लालबुंद सुजला. "वरून चादर बी सोसंना वो बाई," म्हणाल्या. मी मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हटलं, "जोडवी घट्ट झाली असतील, काढून ठेवा." "बरं बाई," म्हणून त्या गेल्या. पुढे सुजेमुळे खाडे व्हायला लागले, तेव्हा सगळे म्हणाले, कामाचा कंटाळा आलाय. मीही म्हणाले. शेवटी काम सोडून त्या मंगळवेढ्याला निघून गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात माझा अंगठा सुजला. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. का गं लंगडतेस, असं विचारायला घरात दुसरं माणूस लागतं ना? तीन दिवस भिंत धरून चालले. चौथ्या दिवशी इथे आले, तर आपलीच एक सिस्टर फाइलमध्ये बघत म्हणाली, "मॅडम, जोडवी सैल करा." मी लग्नच केलेलं नाही, जोडवी कुठली? फार राग आला. आणि मग आठवलं, गोजरबाईंचे मालक तर त्या दुखण्याच्या कितीतरी आधी वारले होते. त्यांच्याही पायात जोडवी नव्हती. मी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी जेंट्स कार्डावर मी स्वतःचं रक्त लावलं. युरिक ॲसिड सहाच्या आत हवं, ते नऊ आलं. सरांनी पाय तपासला, गाउटच म्हणाले, आणि विचारत गेले. पाळी थांबून किती वर्षं झाली? ब्लडप्रेशरला लघवी वाढवणारी गोळी आहे? वजन? किडनी? पाळी असेपर्यंत बाईच्या शरीराला आतून एक राखण असते, ती उठली की हा रोग बाईलाही गाठतो, म्हणाले. मटणाला मी शिवत नाही, तरी गाठलं. आणि वय काय, गोळी काय, गोजरबाईंचं सगळं तेच होतं. (ऐकून कुणी आपापली गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. लॅबवालीचं ऐकल्यावर काय होतं ते आत्ताच सांगितलं.)

एसटीने मंगळवेढ्याला गेले. गोजरबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. मी खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला.

"अवो बाई, पाय काय धरता," म्हणत त्यांनी तो ओढला. मग हळूच म्हणाल्या, "चार वर्सांत कुनी बगितलाच न्हाय की."

मी तिथेच त्यांचं रक्त काढून घेतलं. आता त्यांना औषध सुरू आहे, पण सांधा वाकडा झाला तो झालाच. आज त्यांना बोलावलं होतं. पहिल्या रांगेतली ती रिकामी खुर्ची त्यांची आहे. फोनवर म्हणाल्या, "आता येऊन काय करू, बाई?"

सर, नवं लेडीज कार्ड तुमच्यासमोर ठेवलं आहे. ओळ परत घातली आहे, सही तेवढी करा.

तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी वेळ काढलात, मी आभारी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. गोजरबाईंना मात्र तसं म्हणायचं मला तोंड नाही.