भोंग्याआधीची प्रार्थना

आपल्या चर्चचे दादासाहेब, आटपाडीहून आलेले रखमामावशीचे भाऊ, मंडळीतल्या बंधुभगिनींनो, आणि पाळी सोडून आलेल्या माझ्या गिरणीतल्या बायांनो,

मला उभं राहून बोलायची सवय नाही. काल मावशीला माती दिली. पण आज गप्प बसले तर उद्या स्वतःलाच तोंड दाखवता येणार नाही. म्हणून बोलते.

मी मार्था. माधवनगरच्या गिरणीत रखमामावशीच्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरते. चाळीतही आमच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. सकाळचा भोंगा व्हायच्या आत तिच्या खोलीत आम्ही प्रार्थनेला जमायचो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथला तिचा कायदा मात्र बाहेरच्यांना ठाऊक नसेल. कालची प्रार्थना आज चालायची नाही. मी एकदा म्हटलं, देवा, जावेशी गोड बोलायची बुद्धी दे. दुसऱ्या दिवशी तेच म्हणायला लागले, तर मावशीनं मध्येच थांबवलं. जावेकडे गेली होतीस का, म्हणाली. मी नाही म्हटलं. मग देवाला पुन्हा कशाला कामाला लावतेस, आधी जाऊन ये. गेले बाई. जाऊ गोड बोलली नाही ती नाहीच, पण मी बोलले.

दादासाहेब, तुम्ही मंडळीचे वडील, चर्चचा कारभार तुमच्याकडे. तुम्हीही एकदा आला होता. प्रार्थना लांब केलीत आणि फार सुरेख केलीत. मावशीनं विचारलं, ही रविवारचीच न्हवं? तुम्ही हसलात, पण परत काही आला नाहीत.

बाप्तिस्मा झाला म्हणून ती कोणाला सोडत नसे. "तुजा बाप्तिस्मा कवा झाला ते नगं सांगू," म्हणायची. "आज सकाळी काय झालं ते सांग."

तिचा एकुलता एक दाविद लढाईवर गेला, आणि एक दिवस तार आली. दुसऱ्या पहाटे तिचं दार बंद असणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. दार उघडं. कंदील लावलेला. डोळे रडून रडून सुजलेले. मी म्हटलं, मावशी, आज राहू दे. ती म्हणाली, "देव बोलतोय का न्हाई, मला आज काय बी ऐकू येत न्हाई. पर बोललाच, तर मी जागी पायजे."

त्यानंतर लय दिवस तिला काही ऐकू आलं नाही. तसं ती सगळ्यांसमोर सांगायची. पण दार तिनं एकदाही लावलं नाही.

आणि आत्ता दादासाहेब म्हणाले, मावशी गेली, बायबल समजावून सांगणारं माणूस आता तिथे नाही, तर पहाटेची प्रार्थना बंद करावी. रविवारची उपासना पुरेशी आहे.

दादासाहेब, तुमचा मान राखून सांगते, मला हे मान्य नाही. आठवड्यातून एकदा जेवून कोणी जगतं का? मग रविवारच्या एका घासावर मी गिरणीतला सोमवार कसा काढू? शनिवार कसा काढू?

मावशीची खोली गिरणीची. ती आता दुसऱ्या कोणाला मिळेल. मिळू दे. माझं दार आहे. दारात जागा पुरली नाही तर नळापाशी बसू. तुम्ही कुलूप कशाकशाला लावणार? मंडळीतून माझं नाव काढायचं असेल तर काढा. नाव काढलेली बाईसुद्धा प्रार्थना करते. उद्या भोंग्याच्या आधी मी बसणार. एकटी असले तरी बसणार. मावशीसारखं समजावणं मला जमायचं नाही. विचारणं जमेल, आणि तुम्ही आलात तर तुम्हालाही विचारीन.

आता उभे राहू या. दादासाहेब, तुम्हीही. मावशीसाठी थोडा वेळ शांत राहू. उद्या कोणाकोणाला यायचं आहे, ते तेवढ्या वेळात आपापल्या मनाशी ठरवा.

मावशी, सलाम.